रेल्वेने किंवा ट्रकने आलेली मोटारसायकल सुरू होत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

पुण्याहून दिल्लीला, नागपूरहून बंगळुरूला, ठाण्याहून गुवाहाटीला बदली झाली की घरसामानामागोमाग गाडीही जाते. इथे एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी तिकडे उतरल्यावर मात्र गप्प बसते. मग पार्सल ऑफिसच्या दारात अर्धा तास सेल्फ मारून उरलीसुरली बॅटरीही संपवली जाते आणि शेवटी गाडी टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी लागते.

हा बिघाड पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याचं कारण इंजिनात क्वचितच असतं. प्रवासात इंजिन चाललेलंच नसतं, मग ते झिजणार कसं? वाटेत दुसऱ्याच गोष्टी घडलेल्या असतात. कुणीतरी टाकी रिकामी केली, कुणीतरी हँडलभोवती सुतळी आवळली, कुणी गाडी सायलेन्सरला धरून उचलली, कुणी ती दुसऱ्या गाडीवर कलती लावली. म्हणून शोधाची सुरुवात जिथे माणसाचा हात लागला तिथून करायची. इंजिन सगळ्यांत शेवटी.

लक्षणं

आपल्या गाडीचं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. नुसतं ‘सुरू होत नाही’ म्हटल्याने काहीच कळत नाही.

- चावी फिरवली तरी मीटरवर एकही दिवा लागत नाही: बॅटरीची तार, मेन फ्यूज किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी.
- मीटर लागतं, पण सेल्फ दाबल्यावर आवाजच नाही: किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच.
- सेल्फ दाबल्यावर नुसतं खट-खट होतं आणि मीटरचा उजेड मंदावतो: बॅटरी कमजोर किंवा तिची तार सैल.
- इंजिन जोमात फिरतं, पण पेटत नाही: पेट्रोल पोचत नाही, सायलेन्सरचं तोंड बंद आहे किंवा प्लग भिजलाय.
- सुरू होते आणि दोन-चार मिनिटांत बंद पडते: टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद, किंवा टाकीला हवा मिळत नाही.
- सुरू होते, पण पांढरा-निळसर दाट धूर येतो: वाटेत गाडी आडवी झाली होती.
- सेल्फ अर्ध्यात अडकतो, किक पायाखाली दगडासारखी लागते: पुन्हा सेल्फ मारू नका. थेट तपासणी ५ वाचा.
- गाडी छान सुरू होते, पण हँडल वाकडं वाटतं, ब्रेक मऊ लागतो, शॉकअपवर तेल दिसतं: गाडी चालवू नका. याविषयी पुढे सविस्तर लिहिलंय, कारण धोका सगळ्यांत जास्त इथेच आहे.

सही करण्याआधी

ही तपासणी फुकट आहे आणि बहुतेक लोक नेमकी हीच करत नाहीत. डिलिव्हरीच्या कागदावर ‘माल ठीक मिळाला’ अशी सही झाली की पुढे सापडलेल्या नुकसानीबद्दल भांडायला हातात काही राहत नाही. गोणपाट बाहेरून फाटलंय का, एका बाजूला तेलाचा डाग आहे का, आरसा किंवा लिव्हर गोणपाटातून बाहेर आलाय का, हे उजेडात बघा. फोटो काढा आणि जे दिसेल ते कागदावर लिहूनच सही करा. रेल्वेने आलेला माल फुटलेला किंवा छेडछाड झालेला दिसला तर ‘ओपन डिलिव्हरी’ मागायचा हक्क रेल्वे कायद्याने दिलेला आहे. म्हणजे रेल्वेचे लोक समोर उभे राहून पॅकिंग उघडतात आणि नुकसानीची नोंद करतात. यात वेळ जातो. तरी गाडी आडवी पडल्याची खूण असेल तर तेवढा वेळ द्या.

तपासणी १: पॅकिंगचा शेवटचा धागा काढा

रेल्वेचं पॅकिंग म्हणजे पेंढा किंवा फोम, त्यावर गोणपाट आणि त्यावर सुतळी. पॅकर्सवाले फोम, पुठ्ठा आणि चिकट प्लास्टिकची फिल्म वापरतात. घाईत लोक टाकी, सीट आणि हँडल मोकळं करतात आणि गाडी सुरू करायला जातात. त्या वेळी तीन जागा राहून जातात.

पहिली जागा सायलेन्सरचं तोंड. तिथे पेंढा, कागद किंवा चिंधी कोंबलेली असू शकते. बाहेर पडायला वाट नसली की इंजिन दोन ठोके घेतं आणि मरतं, माणूस मात्र प्लग बदलत बसतो. टॉर्च लावून आत बघा, लागलं तर वाकवलेल्या तारेने ओढून काढा.

दुसरी जागा टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. त्यावर फिल्म किंवा चिकटपट्टी राहिली की पेट्रोल उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. गाडी सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर लगेच झाकण उघडा. ‘सूंऽ’ करून हवा आत ओढली गेली तर दोष हवेच्या वाटेतच आहे. सीटखालून जाणारी टाकीची श्वासनळी दबली आहे का, तेही बघा.

तिसरी जागा चाकांचे आस. पुढच्या आसावर आणि मागच्या स्प्रॉकेटमागे (चेनच्या दातेरी चक्रामागे) सुतळीचे वेढे राहतात. गाडी चालली की ते चाकाच्या ऑइल सीलपर्यंत सरकतात आणि सील खातात. चाक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि दोन्ही बाजूंनी वाकून बघा.

सुतळी कापताना ब्लेड आपल्या बाजूने बाहेर ओढा, गाडीच्या दिशेने रेटू नका. हँडलजवळ सुतळीच्या अगदी खाली वायरिंग, क्लचची केबल आणि ब्रेकचा होज असतो. पॅकिंग काढताना कापलेली वायर ही प्रवासातली इजा नसते, पण तिचा शोध मात्र चार तास घेतो. आणि सायलेन्सरवर चिकटलेली फिल्म, आजूबाजूचा पेंढा सगळं दूर केल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. सायलेन्सर तापला की प्लास्टिक वितळून कायमचं चिकटतं आणि पेंढा पेट घेऊ शकतो.

तपासणी २: स्विच

किल स्विच आधी बघा. पॅकिंग करताना अंगठा लागून किंवा सुतळी आवळताना तो सहज बंद होतो. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते बघा. त्यासाठी हिरव्या दिव्यावर विसंबू नका, गाडी पुढे-मागे ढकलून खात्री करा.

साइड स्टँड खाली असताना गिअरमध्ये इंजिन सुरू न होणं ही आता बऱ्याच गाड्यांतली सोय आहे. स्टँडच्या बिजागरीजवळचा तो छोटा स्विच चिखलाने भरतो, किंवा गाडी ट्रकमध्ये साइड स्टँडवर उभी राहिल्याने वाकतो. स्टँड हाताने चार-पाच वेळा वर-खाली करा, पाणी मारून स्विच स्वच्छ करा. मीटरवर स्टँडची खूण असेल तर स्टँड वर घेतल्यावर ती विझली पाहिजे.

क्लच लिव्हर वाकला असेल तर त्याच्या बुडाशी असलेल्या स्विचचं बटण पुरतं हलत नाही. लिव्हर पूर्ण आवळूनही सेल्फ गप्प राहिला, तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन पाहा. न्यूट्रलमध्ये सुरू झाली तर दोष लिव्हर, क्लच स्विच किंवा साइड स्टँडच्या स्विचचा आहे. हे स्विच तार जोडून कायमचे ‘बायपास’ करून देणारे भेटतात. साइड स्टँडचा स्विच तरी तसा करून घेऊ नका. स्टँड खाली राहिलेली गाडी पहिल्या डाव्या वळणावर माणसाला फेकते.

तपासणी ३: पेट्रोल

रेल्वेत गाडी टाकी रिकामी केल्याशिवाय घेत नाहीत. त्यामुळे रेल्वेने आलेल्या गाडीत हा बिघाड सगळ्यांत नेहमीचा आहे.

अर्धा लिटर टाकून सेल्फ मारण्यात अर्थ नाही. टाकी गाडीच्या पाठीच्या पाइपवर खोगिरासारखी बसलेली असते आणि तिच्या खाली दोन्ही बाजूंना दोन पोटं असतात. झाकणातून ओतलेलं थोडं पेट्रोल एका पोटात साचतं आणि पेट्रोल ओढणारी मोटर किंवा कॉक दुसऱ्या पोटात कोरडाच राहतो. किमान दोन लिटर टाका आणि गाडी दोन्ही हातांनी धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सावकाश कलती करा.

पुढचं काम गाडीप्रमाणे बदलतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या मोटारसायकली इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, आहेत. त्यात पेट्रोलची मोटर टाकीच्या आत असते. चावी चालू केली की ती दोन-तीन सेकंद ‘झूंऽ’ करते आणि थांबते. टाकी कोरडी होती म्हणजे पुढची सगळी नळी हवेने भरलेली आहे. म्हणून सेल्फ न मारता चावी चालू करा, आवाज थांबू द्या, बंद करा. असं चार-पाच वेळा केलं की नळीत दाब तयार होतो. मगच सेल्फ. मोटरचा आवाज अजिबातच येत नसेल तर आधी फ्यूज, मग टाकीखालचा प्लास्टिकचा जोड तपासा, कारण पेट्रोल काढताना तोच जोड ओढला जातो. कोरड्या मोटरला पुन्हा पुन्हा फिरवू नका. तिला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलचंच मिळतं.

कार्बोरेटरची गाडी असेल तर कॉक ‘ऑन’ला आणा आणि वाटी भरायला एक मिनिट थांबा. मग चोक ओढून, किल स्विच चालू ठेवून किक मारा. आठ-दहा किका लागणं साहजिक आहे. कॉक बंदच राहिला असेल तर गाडी वाटीतल्या पेट्रोलवर थोडी चालते आणि मग बंद पडते. कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल तर फ्लोटची सुई अडकली आहे. कॉक बंद करा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन-तीन हलके टोले द्या आणि पुन्हा उघडून बघा. तरी टपकत असेल तर कॉक बंदच ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

या सगळ्यात नाकाचा उपयोग करा. पेट्रोलचा वास येतोय, पण नळी कुठे सुटली आहे ते दिसत नाही, अशा वेळी चावीला हात लावू नका. पेट्रोल काढताना नळी ओढली जाते आणि परत बसवताना तिची क्लिप हरवते. क्लिप नसलेली नळी दाब आल्यावर गरम इंजिनवर सुटते.

तपासणी ४: बॅटरी

लांबच्या प्रवासाला आठवडा-पंधरवडा लागतो. त्यात चावी पार्किंग लाइटवर राहिली असेल, अलार्म किंवा जीपीएस बसवलेला असेल, तर बॅटरी उतरणारच. आधी सीट काढून दोन्ही तारा हाताने हलवून बघा. सैल असतील तर आवळा. पांढरी पूड जमली असेल तर गरम पाण्याने धुऊन कोरडी करा.

मल्टिमीटर असेल तर काम सोपं आहे. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.० च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ दाबताना आकडा १० च्या खाली कोसळत असेल तर चार्जिंग हवं. चार्ज करूनही तसंच होत असेल तर बॅटरीचं आयुष्य संपलंय. गाडी सुरू झाल्यावर रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे, नाहीतर नवी बॅटरीही पुन्हा उतरेल.

मोटारसायकलची बॅटरी कारच्या चार्जरच्या जोरात भरू नका. तिच्या अँपिअर-अवरच्या साधारण दहावा भाग एवढाच करंट द्या, म्हणजे ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.८ अँपिअर. कारवरून तार जोडायची वेळ आली तर कारचं इंजिन बंद ठेवा. पाण्याची बॅटरी असेल आणि गाडी आडवी झाली असेल तर आधी खाली आम्ल सांडलंय का ते बघा. फ्रेमवरचा रंग फुगलेला दिसला तर भरपूर पाण्याने धुवा.

फ्यूज उडाला असेल तर त्यावर लिहिलेल्या अँपिअरचाच घाला. दहा-वीस रुपयांचं काम आहे. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर दबून फ्रेमला टेकली आहे. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून वेळ मारून नेऊ नका. त्याने फ्यूज वाचतो आणि सगळं वायरिंग जळतं.

धक्का मारून सुरू करण्याचा जुना उपाय कार्बोरेटरच्या गाडीत चालतो. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण उतरली असेल तर पेट्रोलची मोटर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोघंही उपाशी असतात, त्यामुळे नुसता दम जातो.

तपासणी ५: गाडी आडवी झाली होती का?

पार्सल डब्यात गाड्या एकमेकींना खेटून, कधी कलत्या लावलेल्या असतात. ट्रकमध्ये पट्टा सैल झाला की गाडी घाटाच्या वळणावर आडवी होते आणि कुणीतरी ती उभी करून परत बांधतं. सांगणारं कुणी नसतं, खुणा मात्र राहतात. हँडलच्या टोकाला, फूटरेस्टला, लिव्हरच्या गोळीला आणि सायलेन्सरला एकाच बाजूने ओरखडे, आणि एअर फिल्टरच्या डब्याखालच्या नळीत तेल.

इंजेक्शनच्या गाडीत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी ठरावीक कोनापलीकडे झुकली की तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो. गाडी सरळ उभी करा, चावी पूर्ण बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा चालू करा. कित्येक गाड्या एवढ्यावरच सुरू होतात.

सुरू करण्याआधी मात्र ऑइल बघा. गाडी सरळ उभी करून पाच मिनिटं थांबा. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल इंजिनात उतरलंय. अशी गाडी सुरू करू नका, आधी ऑइल बदला. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल बेअरिंग धरून ठेवत नाही.

सेल्फ अर्ध्यात अडकत असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल किंवा पेट्रोल साचलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि चाळीस मिनिटांचं काम इंजिन उघडण्यावर जातं. इंजिन थंड असताना, चावी बंद ठेवून प्लग काढा. गाडी मेन स्टँडवर घ्या, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर जुनं फडकं धरा, तोंड दूर ठेवा. द्रव बाहेर आला की आणखी आठ-दहा फेरे फिरवा. इथे सेल्फ वापरू नका, उडालेल्या पेट्रोलला एक ठिणगी पुरते. चाक हाताने फिरतच नसेल तर थांबा.

एवढं झाल्यावर गाडी सुरू झाली आणि थोडा निळसर धूर आला तर घाबरू नका. सायलेन्सरमध्ये गेलेलं ऑइल जळायला पाच-दहा मिनिटं लागतात. कागदी एअर फिल्टर तेलाने भिजला असेल तर तो धुऊन वापरता येत नाही, नवाच घ्या.

तपासणी ६: प्लग

प्लग ओला आणि पेट्रोलचा वास: पेट्रोल जास्त झालंय. फडक्याने पुसा, वाळवा, भोक दहा मिनिटं उघडं ठेवा. प्लग अगदी कोरडा: पेट्रोल पोचतच नाही, तपासणी ३ कडे परत जा. काळा-तेलकट: ऑइल वर आलंय. प्लग बसवताना पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. पान्याने सुरुवात केली तर ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात, आणि हे नुकसान प्रवासाने झालेलं नसतं.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका आणि मध्ये पंधरा सेकंद सोडा.

सुरू झाली, पण चालवायची का?

इंजिन सुरू झालं की माणूस खूश होऊन थेट रस्त्यावर जातो. तिथे घाई करू नका. बंद गाडी नुसती उभी राहते, पण वाकड्या शॉकअपची किंवा हवा शिरलेल्या ब्रेकची गाडी जीव घेऊ शकते. म्हणून पहिले दोनशे मीटर गाडी ढकलत न्या.

*हँडल.* गाडी सरळ ढकलली असता हँडल एका बाजूला वळलेलं दिसतं का? कारणं चार आहेत आणि चारही वेगळी आहेत. हँडलच वाकलं असेल तर दोन मुठींची उंची वेगळी दिसते. सीटच्या मधल्या बिंदूपासून दोन्ही टोकांचं अंतर टेपने मोजा. हँडल सरळ आणि चाक तिरकं असेल तर शॉकअपचे दोन दांडे क्लॅम्पमध्ये पिळले गेलेत. हे नेहमीचं आहे आणि स्वस्त आहे. मेकॅनिक खालचे बोल्ट आणि आस ढिला करून सरळ करून देतो. समोर दहा फुटांवर बसून बघितलं आणि दोन दांडे समांतर दिसले नाहीत तर एक दांडा वाकलाय. आणि चाक मधोमध असताना हँडल एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी वळत असेल तर फ्रेमचा स्टॉपर (हँडलचं वळणं अडवणारा खुंट) किंवा टी-स्टेम (हँडल ज्यावर फिरतं तो दांडा) वाकलाय. शेवटच्या दोन गोष्टींत गाडी टेम्पोतूनच गॅरेजला न्या.

आणखी एक परीक्षा फार उपयोगी पडते. दोन्ही टायर पाण्याने ओले करा आणि कोरड्या सिमेंटवर गाडी पाच मीटर सरळ ढकला. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्या पट्ट्यावर मधोमध बसला पाहिजे. तो बाजूने समांतर पळत असेल तर आधी चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा. सारख्या असूनही पट्टे जुळत नसतील तर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) किंवा फ्रेमला मार बसलाय. फ्रेमचं काम घरी होत नाही.

*शॉकअप.* पट्टा फार आवळून शॉकअप तळापर्यंत दाबून ठेवला की आतलं तेल सीलवर दिवसेंदिवस जोर देत राहतं. दांडे स्वच्छ पुसा, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा वेळा जोरात दाबा आणि परत बघा. तेलाचं बारीक कडं उमटलं तर दोन दिवस लक्ष ठेवा, कधी सीलमध्ये नुसती माती अडकलेली असते. थेंब ओघळला तर सील बदला. तेच तेल खाली डिस्क आणि पॅडवर गेलं तर पुढचा ब्रेक लागणारच नाही.

*ब्रेक.* लिव्हर मुठीला टेकत असेल तर सावकाश वीस-तीस वेळा पंप करा. पंप केल्यावर कडक होतो आणि थोड्या वेळाने परत मऊ पडतो म्हणजे नळीत हवा आहे. ब्रेक ऑइलच्या डबीच्या खिडकीतून पातळी बघा, होजवर पट्ट्याचा व्रण आहे का ते बोट फिरवून बघा. डिस्कला हूक अडकवून गाडी बांधली असेल तर डिस्क वाकते, चाक फिरवल्यावर दर फेऱ्याला एकाच जागी घासल्याचा आवाज येतो. वाकलेली डिस्क ठोकून सरळ करू नये. एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर चाकाजवळची सेन्सरची वायर तुटलेली असू शकते. एबीएसच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढण्याचं काम सर्व्हिस सेंटरकडेच द्या.

*टायर.* चढवणारे-उतरवणारे कधी हवा सोडतात. आकडा चेन गार्डवर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, तेवढीच भरा. रिमच्या काठावर बोट फिरवून चीर किंवा खळगा तपासा.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

- सेल्फ किंवा किक अडकते आणि प्लग काढूनही चाक फिरत नाही.
- पेट्रोल गळतंय, पण जागा सापडत नाही.
- नवा फ्यूज लगेच उडतो.
- शॉकअपचा दांडा, टी-स्टेम, फ्रेम किंवा डिस्क वाकल्याची शंका आहे.
- ब्रेक पंप करूनही कडक राहत नाही.
- वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी पेटत नाही.

विमा असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा. दुचाकीच्या सर्वंकष विम्यात रस्ता किंवा रेल्वेने नेताना झालेलं गाडीचं नुकसान सहसा धरलेलं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. सर्व्हेअरने बघण्याआधी भाग बदलले तर दावा अडतो. रेल्वेवर दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बुकिंगच्या वेळी गाडीची किंमत जाहीर करून त्याचा जादा आकार भरला नसेल तर भरपाईची मर्यादा फार खाली असते. बुकिंगची पावती, सही करतानाचे फोटो आणि कागदावरची नोंद एकत्र ठेवा.

परत पाठवायची वेळ आली तर

टाकी पंपाच्या नळीने उघड्या जागेत, इंजिन थंड असताना रिकामी करून घ्या. तोंडाने पेट्रोल ओढू नका. आठवड्यापेक्षा जास्त प्रवास असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून चिकटपट्टी लावा. आरसे काढून डिकीत नाही, घरच्या सामानात ठेवा. हँडल लॉक करू नका. हमालाला गाडी सरकवायची असतेच, लॉक असली तर तो ओढतो आणि लॉकचा खिळा किंवा स्टॉपर वाकतो.

ट्रकमध्ये गाडी साइड स्टँडवर बांधू देऊ नका. सरळ उभी, पुढचं चाक हौद्याच्या भिंतीला किंवा ठोकळ्याला टेकलेलं, आणि चार रॅचेट पट्टे. पुढचे दोन शॉकअपच्या खालच्या क्लॅम्पला, मुठींना नाही. मागचे दोन फ्रेमला, ग्रॅब हँडलला किंवा इंडिकेटरजवळ नाही. पट्टा जिथे रंगाला घासेल तिथे जुना टॉवेल घाला. शॉकअप अर्ध्यापेक्षा जास्त दबू देऊ नका. आणि चालकाला सांगून ठेवा, पहिल्या चहाच्या थांब्यावर, साधारण पन्नास किलोमीटरवर, चारही पट्टे परत आवळायचे. गाडी हौद्यात बसली की पट्टे एकदा सैल होतातच, आणि पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला ट्रक लवकरच घाटात असतो.